‘बंदुकीने संपला’ म्हणणाऱ्यांनी तेंदूपुड्याचा दर आठवावा

"गडचिरोलीतला नक्षलवाद निव्वळ बंदुकीने संपला. आदिवासींना विकास नकोच होता, म्हणून त्यांनी नक्षल्यांना पोसलं. तो देशाच्या सुरक्षेचा प्रश्न कधीच नव्हता. आता वनहक्क, रस्ते हे लाड बंद करा." पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने हा मेसेज पाठवून "बरोबर ना मामा?" असं विचारलं. साफ चूक आहे.

"विकास नकोच होता" हे वाचून तर डोकंच फिरलं. 1980च्या सुमारास आंध्रातून नक्षल्यांची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गडचिरोलीतल्या सिरोंचा-अहेरीकडे उतरली आणि त्यांनी आधी हात घातला तेंदूपुड्याच्या (बिडीच्या पानांच्या जुडीच्या) दराला, बांबूतोडीच्या मजुरीला. ठेकेदार नागवत होता, जंगलखात्याचा माणूस सरपणाच्या मोळीवरून कोंबडी उचलत होता, आणि दाद मागायला सरकार म्हणून तिथे दुसरं कोणी नव्हतं. दलमने दर वाढवून घेतला, लोकांनी त्यांना भाकर दिली. पुढे त्याच लोकांवर पोलिसांचे खबरी म्हणून नक्षल्यांनीच गोळ्या झाडल्या. तरी गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने कायद्याचाच रस्ता धरला, 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. विकास नको असलेली माणसं असे खेटे घालतात का?

माझं पटत नसेल तर नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटाचा 2008चा अहवाल वाचा. अध्यक्ष डी. बंदोपाध्याय, सदस्यांत सीमा सुरक्षा दलाचे माजी प्रमुख प्रकाश सिंह आणि गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख अजित डोवाल. जमीन, जंगल, मजुरी, विस्थापन आणि ढिसाळ कारभार, यांवरच त्या अहवालाचं बोट आहे.

बंदूक लागली, हे मान्य. रस्त्याची यंत्रं नक्षल्यांनीच जाळली. 1 मे 2019ला जांभुळखेड्यात सुरुंगस्फोटात 15 जवान गेले. सी-60 हे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी कमांडो पथक नसतं तर रस्ते झालेच नसते. पण वांगेतुरीसारख्या दुर्गम गावाला एसटी पोहोचली ती 2025 उजाडल्यावर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नक्षल्यांचा बडा नेता भूपती याने 60 साथीदारांसह शस्त्रं ठेवली. पोलीस ठाणं, रस्ता आणि बस यांना एकमेकांपासून तोडून हिशेब मांडता येत नाही.

"सुरक्षेचा प्रश्नच नव्हता"? 2006मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी हेच देशाच्या अंतर्गत सुरक्षेपुढचं सर्वात मोठं आव्हान म्हटलं होतं. गडचिरोलीला लागूनच छत्तीसगडमधला अबुझमाडचा जंगलपट्टा आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं तिथे जमिनीची मोजणीसुद्धा झाली नाही. नक्षल्यांनी तळ तिथेच ठोकला आणि ‘जनताना सरकार’ (जनतेचं सरकार) या नावाने स्वतःचा कारभार चालवला.