मागच्या बाकावरचा खासदार वर्षभर करतो तरी काय?

मागच्या बाकावरचा, म्हणजे मंत्री किंवा पक्षनेता नसलेला साधा खासदार. ‘हा खासदार वर्षातून साठ-सत्तर दिवस दिल्लीला जातो, सभागृहात तोंड उघडत नाही, त्याचे विधेयक कधी मंजूर होत नाही आणि मतदारसंघातील विकासकामांसाठीचा वर्षाचा 5 कोटींचा निधी मात्र मनमानीने उधळतो’, असा एक संदेश सर्रास पुढे पाठवला जातो. अशा मोजमापाने कष्टाळू आणि कामचुकार खासदार एकाच रांगेत बसतात, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

बैठकांचे दिवस कमी आहेत हे खरेच, आणि ते वाढलेच पाहिजेत. पण अधिवेशन केव्हा बोलवायचे हे सरकार ठरवते. शिवाय मंत्रालयांचा कारभार तपासणाऱ्या खासदारांच्या विभागवार स्थायी समित्या अधिवेशन नसतानाही काम करतात. अशा 24 समित्या असून प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य असतात आणि मंत्र्याला तेथे जागा नसते. अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी मागितलेला खर्च, तपासतात आणि गेल्या वर्षीची तरतूद पडून का राहिली, याचा जाब अधिकाऱ्यांना विचारतात. हे काम बंद दाराआड चालते, त्यामुळे दूरचित्रवाणीवर त्याचा मागमूसही नसतो.

न बोलण्याचा आरोप तर सर्वांत उथळ आहे. चर्चेतील वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतो आणि त्यातला बराचसा नेतेमंडळींकडे जातो. साध्या सदस्याचे खरे हत्यार म्हणजे प्रश्न. लोकसभेत दररोज 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. त्यासाठी किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर येते आणि मंत्रालयाला ते नंतर नाकारता येत नाही. 1985च्या पक्षांतरबंदीनंतर मतदानावर पक्षादेशाचे बंधन आले, प्रश्न विचारण्यावर नाही. डिसेंबर 1957मध्ये सत्ताधारी काँग्रेसच्याच फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा विषय लोकसभेत लावून धरला, न्या. छागलांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1958मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली विधेयके आजवर 14च मंजूर झाली, आणि 1970नंतर एकही नाही, हे मान्य. परंतु संसदेतील कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा 1956चा कायदा याच फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून आला होता. आणीबाणीत तो रद्द करावासा वाटला, यावरूनच त्याचे वजन कळते.

राहिला निधी. ही रक्कम खासदाराच्या हाती येतच नाही. तो कामे सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी 15 टक्के आणि जमातींसाठी साडेसात टक्के निधीची कामे सुचवणे मात्र त्याचे कर्तव्य आहे. जाब विचारायचाच असेल, तर ती कामे कोणत्या वस्तीत झाली, हे विचारावे.