राख मोजली, रस्ता कोण मोजणार?

गेल्या महिन्यात मामेभावाने एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा परक्या देशात एक अगडबंब यंत्र माती ढवळत पुढे सरकतंय, समोर पांढरट भुकटीचा थर, आणि वर ठळक अक्षरांत ‘कचऱ्यापासून रस्ता’. खाली त्याची टिप्पणी: ‘दादा, तुमच्याकडे राखेचे रस्ते होतात, आमच्याकडे रस्त्यांची राख होते.’ तो मराठवाड्यात रस्त्यांची छोटी कामं घेतो. म्हणजे अर्धा टोमणा त्याने स्वतःलाच मारला होता. हे त्याच्या लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक.

मी १७ वर्षं उत्तर टेक्सासमध्ये माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतोय. डॅलसच्या आसपासचा हा पट्टा ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणून ओळखला जातो, आणि इथली माती आपल्या रेगूरची, म्हणजे कापसाच्या काळ्या मातीची, सख्खी बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगा इतक्या खोल की हात आत जावा. उन्हाळ्यात लोक घराच्या पायाभोवती छिद्रांची नळी अंथरून मातीला पाणी पाजतात, नाहीतर पाया खचून भिंती तडकतात. झाडं सोडून घराला पाणी घालणारी माणसं पाहिल्यावर माझ्या आईने जो चेहरा केला होता, तो अजून आठवतो. तेव्हा ‘तिकडची माती वेगळी’ हा गावाकडचा बचाव मला पटत नाही.

गावाकडची चर्चा मात्र मातीबद्दल नसतेच, ती कोळशाच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेबद्दल असते. एक बाजू म्हणते राख म्हणजे विष, राख म्हणजे ठेकेदारांची कुरणं. परळीच्या वीज केंद्राच्या राखेवरून झालेले आरोप-प्रत्यारोप सगळ्यांनी ऐकलेत. दुसरी बाजू म्हणते राख म्हणजे संपत्ती, आणि भाषणात अमुक लाख टन राख रस्त्यांत जिरवल्याचा आकडा सांगते. ज्या मातीत ती राख जाणार, तिला काय हवंय, हे दोघंही विचारत नाहीत.

तिला मुख्यतः चुना हवा असतो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवरच्या सोडियमची जागा घेतं, कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि तासाभरात लोण्यासारखी माती भुरभुरीत होते. खरी ताकद नंतर येते. चुन्यामुळे मातीचा पीएच १२ च्या वर गेला की मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना विरघळतात, आणि सिमेंटमध्ये जो चिकट पदार्थ तयार होतो तोच इथे हळूहळू तयार होतो. त्याला आठवडे लागतात, महिने लागतात. राखेचं काम या दुसऱ्या टप्प्यात, जास्तीची सिलिका पुरवण्याचं.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट इथेच आहे. अमेरिकेतल्या काही वीज केंद्रांत वायोमिंगकडचा जो कोळसा जळतो, त्याच्या राखेत मुळातच चुन्याचा अंश भरपूर असतो. ती मातीत मिसळून पाणी मारलं की स्वतःच घट्ट होते. आपल्या कोळशाची राख बहुतेक कमी चुन्याची. नुसती काळ्या मातीत ढवळली तर ती थोडीफार भर घालते, बांधून ठेवत नाही. सोबत चुना किंवा सिमेंट लागतंच. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तिकांत हे सगळं आहे. पण निविदेत ‘राख’ हा शब्द येतो आणि चुना मोजमाप पुस्तकापर्यंत पोचता पोचता बारीक होत जातो. साखर कारखान्यांच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेचंही तेच, शिवाय ती कारखान्यागणिक आणि हंगामागणिक बदलते. आणि प्लॅस्टिकचे रस्ते? प्लॅस्टिक डांबरात जातं. खालची काळी माती फुगायची तशी फुगतेच.

मग टेक्सासवाले काय वेगळं करतात? फार काही नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. चुना मिसळला की माती एक ते चार दिवस तशीच मुरू देतात, मग पुन्हा ढवळतात. ढेकळं फुटली की नाही हे चाळणी लावून बघतात: पावणेदोन इंची चाळणीतून सगळी माती गेली पाहिजे, चार नंबरच्या बारीक चाळणीतून निदान ६० टक्के. मग खड्डा खणून फेनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. जिथे चुना पोचला तिथे माती गुलाबी होते, जिथे नाही तिथे काळीच राहते. हळदीत चुना पडला की लाल होते, तसला प्रकार. दबाई करताना ओल किती असावी, हे आमच्या प्रयोगशाळेत ग्रॅममध्ये ठरतं. आपला शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा आलाय की नाही सांगतो, तेही ओलीचंच गणित, कामासाठी वेगळं.

आणि एक चाचणी ते विसरत नाहीत, मातीतल्या सल्फेट क्षारांची. ती शहाणपणाने नाही, ठेच लागून आलेली आहे. लास व्हेगासमधल्या स्टुअर्ट अॅव्हेन्यू या रस्त्याखाली १९७५ च्या सुमारास चुन्याने माती पक्की केली होती. काही वर्षांत तोच थर फुगून रस्ता उचलला गेला. मातीत सल्फेट होतं, त्याच्याशी चुन्याची गाठ पडून एट्रिंजाइट नावाचे स्फटिक वाढले. आता टेक्सासमध्ये मातीत सल्फेट ३,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३,००० भागांच्या) वर दिसलं की नेहमीची पद्धत थांबते. हे वाचताना मला कालव्याकाठच्या, सोडियम साचलेल्या चोपण जमिनी आठवतात. तिथे शेतकरी वर्षानुवर्षं जिप्सम टाकतो. रसायन तेच, कॅल्शियमने सोडियम हाकलायचा. पण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्या शेतातून जाणाऱ्या पाणंद रस्त्यात कुणी न तपासता चुना ओतला तर?

इथलं सगळं आदर्श आहे असं समजू नका. इथे राख रस्त्यात गेली ती स्वस्त होती म्हणून, पर्यावरणासाठी नव्हे. २२ डिसेंबर २००८ ला टेनेसीत किंग्स्टनचा राखेचा बांध फुटला, ४० लाख घनमीटरहून जास्त राख नदीत आणि घरांवर गेली, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. राख साठवण्याचे केंद्रीय नियम यायला २०१५ उजाडलं. आपल्याकडेही २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला होता. आणि आता इथे उलटीच अडचण. २०१८ च्या सुरुवातीला टेक्सासमधली मॉन्टिसेलो, सँडो आणि बिग ब्राउन ही कोळशाची केंद्रं पाठोपाठ बंद झाली. ताजी राख कमी पडायला लागल्यावर जुने राख तलाव उकरून ती वापरायची कामं सुरू झालीत.

आपल्याकडे राखेला तोटा नाही, आणि ती रस्त्यात जावी या बाजूचा मी आहे. कारण पर्याय काय? काळी माती दोन-तीन फूट उकरून काढायची आणि मुरूम भरायचा. गावाबाहेरच्या टेकड्या कुठे गेल्या, याचं उत्तर त्या भरावात आहे. चुना आणि राख घालून तीच माती जागेवर पक्की करता आली तर तेवढ्या टेकड्या वाचतात.

माझं भांडण मोजमापाशी आहे. १९९९ पासून राखेच्या वापराची सक्ती वाढत गेली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वीज केंद्राने तीन वर्षांच्या चक्रात सरासरी १०० टक्के राख वापरात आणायची, नाहीतर टनामागे १,००० रुपये भरपाई. सक्ती योग्यच. पण खोलगट जागेत ओतलेला एक टन आणि चुन्यासह मातीत बांधला गेलेला एक टन, हिशेबात दोन्ही सारखेच. पहिल्यातले आर्सेनिक, बोरॉन पावसाबरोबर पाझरू शकतात, दुसऱ्यात ते बऱ्याच अंशी अडकून राहतात. आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या रस्त्याचा भिजवलेला सीबीआर, म्हणजे भिजल्यावर भार पेलायची ताकद, किती, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. वीज केंद्राने राखेच्या वाहतुकीचा खर्च उचलावा अशी अपेक्षा असते, तर सोबतच्या चुन्याचा आणि तीन वर्षांच्या तपासणीचा का नको?

हे सगळं मी मामेभावाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ‘हं, हं’ करत होता. सल्फेटपाशी मात्र थांबला, कारण त्याचं पुढचं काम चोपण पट्ट्यातलंच आहे. माती कुठे तपासून मिळेल ते विचारून घेतलं. मग म्हणाला, ‘ते गुलाबी होणारं औषध साईटवर कोण आणून देणार दादा? हळद चालेल का?’

मी म्हटलं, नको. हळद फार लवकर लाल होते आणि आपली काळी माती मुळातच थोडी अल्कधर्मी. चुना न घालताही पास होशील.

‘मग तर हळदच बरी,’ तो म्हणाला, आणि हसत फोन ठेवला.