सेफ व्होल्टेज म्हणे!

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदोनला लग्नाच्या व्हिडिओचं रेंडर, म्हणजे एडिट झाल्यावर शेवटची फाइल बनवणं, ९१ टक्क्यांवर होतं. नवरा-नवरी सप्तपदीच्या पाचव्या पावलावर, आणि स्क्रीन निळी. ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’. सकाळी पोरीच्या बापाचा फोन येणार हे ठरलेलंच होतं, आला. “अहो, लग्नाला महिना झाला. पोरगी माहेरपणाला येऊन सासरी परत पण गेली. व्हिडिओ कुठाय?” आता त्यांना काय सांगू? काका, तुमच्या पोरीची सप्तपदी ०.०१८७५ व्होल्टनं अडलीय?

मशीन बंद पडलं याचा राग एकवेळ गिळला असता. पण एक साधा प्रश्न घेऊन मी महिनाभर दारोदार हिंडतोय आणि एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ. प्रश्न एवढाच, की माझा प्रोसेसर सगळ्या कोअरवर, म्हणजे आतले सगळे गडी कामाला लावून, ४.२ गिगाहर्ट्झच्या वेगानं पळवायचा तर व्होल्टेज किती ठेवायचं, म्हणजे तो जळणार नाही आणि मधेच मान टाकणार नाही?

सामान सांगतो. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ३६००, २०१९ चा माल, सहा कोअर, बारा थ्रेड, बी४५० मदरबोर्ड, सगळं सेकंडहँड. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी. नवीन मशीन घ्यायचं तर अख्ख्या सीझनची कमाई तिकडंच जाते, म्हणून म्हटलं आहे त्यालाच जरा दामटवू. उन्हाळ्यात ऑटोवर ठेवला, म्हणजे वेग-व्होल्टेज त्याचं त्यालाच ठरवू दिलं, की पूर्ण लोडला हा ३.९५ च्या आसपास रेंगाळतो. ४.२ म्हणजे सहा टक्के जास्त. हो, सहाच. हसा. लग्नसराईत रात्रीतून चार-चार रेंडर काढणाऱ्याला विचारा सहा टक्के म्हणजे किती झोप.

पहिला सल्ला घरातूनच आला. व्होल्टेज हा शब्द कानावर पडला की आमच्या गल्लीत जो तो वायरमन होतो. मामा म्हणाले, “स्टॅबिलायझर बसव. शेजारी माग चालू झाले की आपला बल्ब मिणमिणतो, तुझ्या कॉम्प्युटरचं तेच होत असणार.” मामा, भिंतीतलं २३० व्होल्ट वेगळं हो. ते एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये जातं, तिथून १२ होऊन बाहेर येतं, मग बोर्डावरचे व्हीआरएम त्या १२ चं सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. माझं सगळं भांडण त्या सव्वाच्या पुढच्या दशांशांवर चाललंय. मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बंद फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून घेऊन आले. तो अजून जिन्यात पडलाय.

मग आमच्या गावच्या नव्या पेठेतलं एक दुकान. दुकानदार काउंटरवरून न उठता म्हणाला, “१.४ ठेवा. काय होत नाय. आपण लई मशीन लावून दिल्यात.” आता हा हिशोब शाळेतलं पोर करेल. तीच फ्रिक्वेन्सी असेल तर वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ वरून १.४ वर गेलं तर पंचवीस टक्के जास्त वीज, म्हणजे पंचवीस टक्के जास्त उष्णता, एक मेगाहर्ट्झ न वाढवता! वर जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान मिळून चिपमधल्या त्या केसाहून बारीक तारांची झीज करतात ती वेगळीच. आज जे १.३ ला चालतंय ते सहा महिन्यांनी १.३२ मागायला लागतं. तेव्हा दुकानदार कुठं असणार? तिथंच, काउंटरवर. “वॉरंटीत बसत नाय ओ हे.”

पुण्यातला मित्र म्हणाला, “१.२५. एकदम रॉक सॉलिड. वर्ष झालं.” खरं असेल. त्याच्या खोलीत एसी आहे, २४ वर. मी बसतो पूर्व भागात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात बाहेर ४२ असतं तेव्हा दुपारी तीनला माझ्या टेबलावर ३९ दाखवतं. प्रोसेसरची उष्णता काढणारा, हवेवर चालणारा हीटसिंक खोलीपेक्षा थंड कसा होईल? त्याच्या आणि माझ्या खोलीत पंधरा डिग्रीचा फरक, तो जवळजवळ तसाच्या तसा प्रोसेसरच्या डोक्यावर येऊन बसतो. चिप तापली की तीच फ्रिक्वेन्सी टिकवायला तिला जास्त व्होल्टेज लागतं, व्होल्टेज वाढवलं की ती अजून तापते. ३६०० ला कंपनीनं ९५ डिग्रीची हद्द घालून दिलीय आणि आमच्याकडं दुपारी काही काम न देता तो ४८ वर बसून असतो. तरी याचं आपलं, “तुझी चिप खराब असेल रे.” माझी चिप खराब नाही, माझं गाव सोलापूर आहे.

आणि हो, आमच्याकडचा एक आजार पुण्याला कळणारच नाही. शेजारी टॉवेलचा कारखाना. दिवसभर खटाक खटाक, आणि हवेत सुताचे बारीक तंतू. मधे एका रविवारी कूलरचा पंखा काढला, तर पात्यांच्या मागं हीटसिंकच्या पट्ट्यांवर राखाडी थर. नखानं कड उचलली, तर अख्खा थर एका तुकड्यात सोलून हातात आला. तळहाताएवढी सोलापुरी चादर! नुसती काठाला नक्षी काढायची बाकी. ती काढल्यावर सात डिग्री उतरले. म्हणजे त्याआधीच्या पंधरा दिवसांत मी जेवढे आकडे वहीत लिहिले होते ते सगळे गेले पाण्यात.

यूट्यूबवाल्यांचं तर नावच नको. बारा मिनिटांच्या व्हिडिओत अकरा मिनिटं केसचे रंगीत दिवे आणि शेवटी “१.३२५ च्या वर जाऊ नका गाईज.” ३६०० साठी हा आकडा सगळीकडे फिरतो, धरून चालू तो बरोबर आहे. पण १.३२५ कुठं वाचायचं? माझ्याकडं एकाच वेळी तीन आकडे दिसतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, मी टाकतो १.३. बोर्डाचा सेन्सर व्हीकोअर म्हणून १.२८८ दाखवतो. आणि एचडब्ल्यूइन्फो नावाच्या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खाली एसव्हीआय२ नावाची ओळ असते, तिथं लोडवर १.२६९. एकच प्रोसेसर, एकच क्षण, तीन साक्षीदार, तीन जबान्या. यातला कुठला आकडा हे महाशय सांगतात, ते त्यांनाही ठाऊक नसतं. विचारलं की कमेंटला बदाम.

बायोसात टाकलेलं व्होल्टेज लोडवर खाली का उतरतं ते मला कुणी कधी नीट सांगितलं नाही. ते कळलं आमच्या नळावर. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की अख्खी गल्ली एकदम मोटरी लावते आणि आपल्या नळाची धार करंगळीएवढी होते. तसंच आहे हे. सगळे कोअर एकदम ओढायला लागले की व्होल्टेज बसतं. त्यावर औषध म्हणून बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन असतं, ते कडक केलं की धार बारीक होत नाही. झकास. पण सगळ्यांनी एकदम मोटरी बंद केल्या की तीच पाइप कशी फणकारते? लोड अचानक सुटला की तसंच व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, विजेची लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून लोडलाइन ना एकदम कडक, ना एकदम ढिली, मधली ठेवायची. आता मधली कुठली? तर एका कंपनीच्या बोर्डावर लेव्हल १ म्हणजे सगळ्यात कडक आणि दुसरीच्या बोर्डावर लेव्हल १ म्हणजे सगळ्यात ढिली! हे ठरवणाऱ्या माणसाला गड्डा यात्रेच्या गर्दीत चप्पल हरवल्यासारखं आयुष्यभर फिरावं लागो.

मग शहाण्यांचा शेवटचा सल्ला, “कशाला हात लावतोस, ऑटोवर ठेव की.” ऑटोवर ठेवून बघितलं ना. नुसतं ब्राउझर उघडलं की १.४५ ची उडी दिसते. बघून पोटात गोळा. नंतर कळलं की तो एखाद-दुसऱ्या कोअरला हलक्या कामासाठी दिलेला क्षणभराचा झटका असतो, करंट कमी असतो, म्हणून चालतो. सगळे कोअर कामाला लागले की प्रोसेसर आपलं आपण व्होल्टेज खाली आणतो. आता हे न कळलेला माणूस काय करतो? ऑटोवर १.४५ बघतो, म्हणतो कंपनीच देतेय की, आणि हातानं १.४५ फिक्स करून सहाच्या सहा कोअर त्यावर चोवीस तास जाळतो. दोष कुणाचा? ‘व्होल्टेज’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी सांगणाऱ्यांचा.

आणि ऑटो म्हणजे काय देवाचा शब्द आहे का? २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मधल्या एक्सथ्रीडी चिपा लोकांच्या बोर्डात फुगून जळल्या, तेव्हा कुठं एसओसी व्होल्टेजला, म्हणजे चिपमधल्या कोअर सोडून बाकीच्या भागांच्या व्होल्टेजला, १.३ ची मर्यादा घालणारे बायोस आले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागून झिजत होते, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, नवा काढून १.५५ च्या वरच्या मागण्या अडवल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कारखान्यात बसून चिप बनवणाऱ्यांचा अंदाज चुकतो, आणि आमचा मित्र फोनवर सांगतो, “डोळे झाकून ठेव.”

आता ‘स्टेबल’ या शब्दाकडं येतो, कारण खरी फसवणूक तिथं आहे. एकाचं स्टेबल म्हणजे विंडोज उघडलं. दुसऱ्याचं म्हणजे तासभर गेम चालला. तिसऱ्यानं सिनेबेंच नावाची वेगाची टेस्ट दहा मिनिटं लावली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. माझं पण सिनेबेंच चाललं होतं ओ, १.२५ ला, दहा मिनिटं, छान. तेच प्राइम९५ नावाच्या टेस्टमध्ये स्मॉल एफएफटी हा कडक प्रकार लावला तर चार मिनिटांत एक वर्कर, म्हणजे एका कोअरवरचं काम, चूक होऊन थांबला. जरा वाढवलं, प्राइम तास-दोन तास गेलं, म्हटलं जमलं. तर दोन दिवसांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, डब्ल्यूएचईए नावाच्या हार्डवेअरच्या चुकांची रांग. मशीन चालू होतं, मी चहा पीत होतो, आणि आत प्रोसेसर गुपचूप चुका दुरुस्त करत बसला होता!

फिक्स आकडा नको म्हणून मधे एकदा ऑफसेट उणे करूनही बघितला, म्हणजे ऑटोच्या व्होल्टेजमधून थोडं वजा. मशीन लटकलं नाही, घड्याळ, म्हणजे गिगाहर्ट्झचा आकडा, पण पहिल्यासारखंच दाखवत होतं. मी खूश. मग सिनेबेंचचे मार्क बघितले तर आधीपेक्षा कमी. व्होल्टेज अपुरं पडलं की हा आतल्या आत घड्याळ ताणतो, स्क्रीनवर आकडा तोच ठेवतो. हजेरी लावून झाडाखाली झोपणारा गडी परवडला.

शेवटी वही नव्या पानापासून सुरू केली. या प्रोसेसरला व्होल्टेजची एक पायरी म्हणजे ०.००६२५. मित्राच्या १.२५ पासून सुरुवात, रोज रात्री एक पायरी, खोली थोडी निवली की टेस्ट लावायची, सकाळी उठून बघायचं. दोनदा लाईट गेली, त्या रात्री वाया. एकदा बायकोनं मॉनिटर चालू दिसला म्हणून मेन बटणच दाबलं, ती पण वाया. १.२६८७५ ला सगळ्या टेस्ट निघाल्या आणि मी मोठ्या विश्वासानं ती सप्तपदी लावली. पुढचं सांगितलंय वर. त्या रात्री खोलीत ३५ होतं, टेस्टच्या रात्री ३१. चार डिग्रीनं घात केला. १.२८७५ ला आल्यावर कुठं चार रेंडर ओळीनं निघाले. तेही रात्री. दिवसा ४.१ आणि १.२६२५. बायोसमध्ये दोन प्रोफाइल करून ठेवल्यात, एक ‘दिवस’, एक ‘रात्र’. शेतीपंपासारखं.

काल बार्शीहून मित्राचा फोन. तो पण लग्नं करतो, म्हणजे शूट. तसलाच प्रोसेसर घेतलाय.

“तुझं ४.२ ला चालू लागलं म्हणे. किती ठेवलास?”

“कूलर कुठलाय तुझा?”

“पत्र्याचा. मोठ्या टाकीचा. खिडकीत बसवलाय.”

“अरे, प्रोसेसरवरचा.”

“त्याच्याबरोबर आलेला तोच आहे.”

“बरं, लोडलाइन किती आहे? फिक्स ठेवणारेस का ऑफसेट? दुपारी खोलीत किती असतं? आणि टेस्ट कुठली लावलीस, प्राइम का नुसतं...”

“ए बाबा, नुसता आकडा सांग की बे!”