एका बैठकीचा हट्ट कशाला?

‘इम्प्रेशनिस्ट चित्र एका बैठकीतच संपवायचं’ हा चित्रं काढण्याच्या चॅलेंजवरच्या लेखातला नियम काही पटला नाही. इम्प्रेशनिस्ट म्हणजे त्या-त्या क्षणाचा उजेड टिपणारं चित्र, हे खरं. पण याच शैलीतला फ्रेंच चित्रकार मोने याने फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथेड्रलची (मोठ्या चर्चची) तीसेक चित्रं १८९२-९३ मध्ये तिथे बसून सुरू केली, आणि पुरी केली ती जिव्हर्नी गावातल्या आपल्या घरी. बहुतेकांवर साल आहे १८९४. ऊन सरकलं की कॅनव्हास बदलायचा, ही त्याची युक्ती.

आम्ही सहा हौशी मंडळी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच चित्रं काढत बसलो होतो. साडेनऊपर्यंत पायऱ्यांवर जांभळट सावल्या, अकराला पार गायब! घाईघाईत मी ओल्या पिवळ्यावरच जांभळा फिरवला आणि चित्रातल्या कृष्णामाईचा चिखल झाला. पुढच्या रविवारी त्याच वेळेला पुन्हा गेले, तेव्हा कुठे पाणी पाण्यासारखं दिसलं.