लिनक्स म्हणून विकलेला डबा

सगळ्या जगाला फुकट मिळणारा एक साधा प्रोग्रॅम घरच्या स्टोरेज सर्व्हरवर बसवायला माणसाचे शनिवार-रविवारच्या शनिवार-रविवार खर्ची पडत असतील, तर ते यंत्र बनवणाऱ्यांनी निदान ‘हे तुम्हाला जमू नये अशीच आमची इच्छा आहे’ एवढे तरी स्पष्ट सांगायला हवे. मी काही अचाट करायला निघालो नव्हतो. ठाण्यात पाचपाखाडीला आमची जुनी सहकारी गृहनिर्माण संस्था आहे, तिचा मी मानद सचिव आहे, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि त्यामुळे रोज कोणत्या ना कोणत्या सभासदाला कोणता ना कोणता जुना ठराव हवा असतो. टंकलिखित इतिवृत्ते, पत्रव्यवहार, पावत्या, नकाशांसोबतची पत्रे असा सगळा पसारा स्कॅन करून मी घरच्या नॅसवर, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणाऱ्या, दोन हार्ड डिस्कच्या एका काळ्या डब्यावर, ठेवलेला आहे. पण स्कॅन म्हणजे शेवटी चित्र, आणि चित्रात शब्द शोधता येत नाही. तेव्हा चित्रातला मराठी मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम त्या डब्यावरच बसवावा, रात्रभर त्याला कामाला लावावे आणि ‘वाहनतळ’ असे शोधल्यावर संबंधित ठराव समोर यावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

टेसरॅक्ट हा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेला आणि २००५ साली मुक्तस्रोत झालेला प्रोग्रॅम आहे. मराठी ओळखण्यासाठी लागणारी त्याची फाइल तयार मिळते. डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार असलेल्या कोणत्याही जुन्यापुराण्या संगणकावर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ ही एक ओळ लिहिली की चहा होईपर्यंत काम संपते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे; तोही जिन्यातल्या जिन्यात म्हणाला, ‘काका, लिनक्सच आहे ना? मग ॲप्ट मारा, झालं!’ मी मारले. उत्तर आले, ‘सुडो: ॲप्ट: कमांड नॉट फाउंड’.

डेबियन १९९३ साली सुरू झाले, त्याचे ॲप्ट हे साधन १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांच्या हातात आहे, आणि प्रोग्रॅम शोधणे, त्याला लागणारे इतर दहा भाग गोळा करणे, ते योग्य क्रमाने बसवणे आणि नको झाल्यास नीट काढून टाकणे हे सगळे ते मुकाट्याने करते. डब्याच्या निर्मात्याने नेमके तेच काढून टाकले आहे. त्याच्या जागी वेब ब्राउझरमधून उघडणारे एक गोंडस दुकान दिले आहे, ज्यात फोटो पाहायचे, गाणी ऐकायची आणि कॅमेऱ्याचे चित्रण साठवायचे ॲप मिळते, पण मराठी मजकूर ओळखणारे काहीही मिळत नाही. दुकानात नसलेली वस्तू हवी असेल, तर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून कमांड टाइप करण्याच्या दाराने, आत शिरायचे आणि आपले आपण निस्तरायचे.

आत शिरल्यावर समोर येते ते बिझीबॉक्स, म्हणजे नेहमीच्या लिनक्स कमांडचा आटोपशीर संच. हे बिझीबॉक्स मुळात ब्रूस पेरेन्स यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर लिहिले, ते डेबियन बसवण्याची आणि दुरुस्तीची साधने एकाच फ्लॉपीवर मावावीत म्हणून. शेकडो कमांड एका चिमुकल्या फाइलमध्ये बसवणे ही त्या काळी खरोखरच कौतुकाची गोष्ट होती, आणि राउटरसारख्या उपकरणांत ती आजही शोभून दिसते. पण टेराबाइटच्या हिशेबाने जागा विकणाऱ्या यंत्रात फ्लॉपीच्या मापाची कमांड लाइन कशासाठी? फाइंड, टार, पीएस ही नावे तीच, पण त्यांना नेहमीचे पर्याय द्यावेत तर निम्मे ओळखीचे नाहीत म्हणून झिडकारले जातात. आणि माझ्या संतापात खरी भर पडली ती फोल्डरची यादी मागवल्यावर. मराठीत काळजीपूर्वक दिलेली सगळी नावे, ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ काय आणि ‘लिफ्ट दुरुस्ती’ काय, पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन उभी राहिली. त्याच फायली ब्राउझरमध्ये व्यवस्थित देवनागरीत दिसतात. म्हणजे डब्यात युनिकोड आहे, फक्त या दाराने येणाऱ्याला ते द्यायचे नाही.

ॲप्ट नाही तर नाही, तयार बायनरी, म्हणजे थेट चालवता येणारी फाइल, उतरवून घ्यावी असे ठरवले. त्यासाठी प्रोसेसर कोणता हे कळायला हवे, म्हणून ‘यूनेम’ या कमांडला विचारले. त्याने ‘एआर्च६४’ असे सांगितले, म्हणजे ६४ बिटांचा एआरएम. त्याप्रमाणे फाइल आणली, तिला चालण्याची परवानगी दिली आणि चालवली. उत्तर: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. यादी मागवली तर फाइल तिथेच, आकारासकट, तारखेसकट. पुन्हा चालवावी, तर अशी फाइलच नाही! ज्या कोणाला हा संदेश योग्य वाटला असेल, त्याने एकदा माझ्यासमोर बसून तो मोठ्याने वाचून दाखवावा. खरा प्रकार असा असतो की प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात त्याला मेमरीत चढवणाऱ्या दुसऱ्या एका फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. ती लोडर फाइल सापडली नाही की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ‘सापडले नाही’ या अर्थाचा आकडा तेवढा परत देतो, आणि शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, त्या आकड्यापुढे तुमच्याच प्रोग्रॅमचे नाव लिहून मोकळे होते. नसते ती लोडर फाइल आणि नाव छापले जाते तुमच्या फाइलचे. हरवलेल्या फाइलचे नाव छापायला कुणाचे काय जात होते, हे मला आजवर समजलेले नाही.

लोडर का नव्हता, तर कर्नल ६४ बिटांचा ठेवून त्यावरचे बाकी सगळे प्रोग्रॅम निर्मात्याने ३२ बिटांचे बसवले होते. यूनेम कर्नलबद्दल खरे बोलत होते, पण घर कुणाचे आहे ते त्यालाही माहीत नव्हते. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेही छापलेली नाही. मग ३२ बिटांची बायनरी आणली, तर तिने जीलिबसी या, बहुतेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या, मूलभूत लायब्ररीची २.२८ आवृत्ती सापडत नसल्याची तक्रार केली. ती आवृत्ती ऑगस्ट २०१८मध्ये आली. माझा डबा त्यानंतर बऱ्याच काळाने, गोखले रोडवरच्या दुकानातून, ‘नवीन मॉडेल’ म्हणून घेतलेला. कर्नल ४.४, जानेवारी २०१६चा, ज्याची मूळ विकासकांकडून होणारी देखभाल फेब्रुवारी २०२२मध्ये थांबली. आणि वर रोज एक सूचना झळकते की तुमची प्रणाली अद्ययावत आहे.

या जुनेपणाचे चटके पदोपदी बसतात. नवा लॅपटॉप डब्याशी एसएसएच जोडायलाच तयार नव्हता, कारण डबा फक्त ‘एसएसएच-आरएसए’ ही जुनी स्वाक्षरी देऊ करतो आणि ओपनएसएसएचने सप्टेंबर २०२१च्या ८.८ आवृत्तीपासून ती आपणहून स्वीकारणे बंद केले आहे. डब्यातून डब्ल्यूगेट या कमांडने एखादी फाइल मागवावी तर संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून नकार, कारण आतली प्रमाणपत्रांची यादी ३० सप्टेंबर २०२१च्या आधीची, म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारी संकेतस्थळे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती ते कालबाह्य होण्याच्या आधीची. आणि यावर इंटरनेटवरच्या कृतींमध्ये सुचवला जाणारा सरसकट उपाय काय, तर ‘नो-चेक-सर्टिफिकेट’ लिहा, म्हणजे तपासणीच बंद करा! त्यानंतर आणखी एक ओळ हमखास असते, ज्यात कुठल्या तरी परक्या ठिकाणची स्क्रिप्ट कर्ल या तशाच कमांडने उतरवायची आणि न वाचता थेट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने शेलच्या हवाली करायची असते. एरवी ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून घसा कोरडा करणारी तंत्रज्ञ मंडळी, घरातले सगळे फोटो, विम्याची कागदपत्रे आणि बँकेची विवरणपत्रे असलेल्या यंत्राच्या किल्ल्या अनोळखी स्क्रिप्टला देण्याची शिफारस करताना जराही अडखळत नाहीत.

या कृती लिहिणाऱ्यांबद्दल आणखी एक बोलायचे आहे. प्रत्येक कृती ‘फक्त’ या शब्दाने सुरू होते. फक्त एंटवेअर बसवा, मग फक्त ओपीकेजी अपडेट करा, मग फक्त पाथ बदला. एंटवेअर, म्हणजे अशा डब्यांसाठीचा प्रोग्रॅमसंग्रह (ओपीकेजी हे त्याचे ॲप्ट), चांगली गोष्ट आहे, ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला आदरच आहे, कारण निर्मात्याने करायचे काम ते विनामोबदला करतात. पण आपले सगळे सामान ते ‘ऑप्ट’ या फोल्डरमध्ये ठेवते, तो फोल्डर बहुतेक डब्यांवर छोट्याशा प्रणाली-पार्टिशनवर असतो, आणि तिथे काही मोठे बसवायला गेले की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असे ऐकून घ्यावे लागते. शेजारच्या व्हॉल्यूमवर दोन टेराबाइट मोकळे पडलेले असतात! मग ऑप्ट फोल्डर डेटाच्या व्हॉल्यूमवर हलवायचा, जुन्या जागी नवी जागा माउंट करायची आणि यंत्र सुरू होताना ते आपोआप घडावे म्हणून स्टार्टअप स्क्रिप्ट लिहायची. यातले ‘फक्त’ कोणते, ते त्यांनीच दाखवून द्यावे. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या खोलीत चालवणारे साधन, वापरा म्हणणारे वेगळेच. ते स्वस्त एआरएम मॉडेलवर निर्मात्याने दिलेलेच नाही, हे त्यांच्या गावीही नसते.

शेवटी द्राविडी प्राणायाम करून एका फोल्डरमध्ये संपूर्ण डेबियनच उतरवले आणि सीएचरूट करून, म्हणजे त्या फोल्डरलाच अख्खी प्रणाली मानायला लावून, त्यात शिरलो. आत ॲप्ट होते. तीच एक ओळ लिहिली आणि टेसरॅक्ट मराठीसकट निमूटपणे बसले. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, तोच जुनाट ४.४ कर्नल. आमच्या लिफ्टच्या देखभाल करारावरचे पत्र त्याने वाचून दाखवले, जोडाक्षरांत थोडे धडपडत, पण शोधण्यापुरते पुरेसे. तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, कारण यंत्राला हे सहज झेपत होते हे सिद्ध झाले आणि इतका सगळा खटाटोप यंत्राच्या दुबळेपणामुळे नसून निर्मात्याच्या मर्जीमुळे करावा लागला, हेही.

ती मर्जी पुढच्याच अपडेटने दाखवून दिली. रात्री डब्याने स्वतःहून नवे फर्मवेअर घेतले आणि प्रणाली-पार्टिशन पुन्हा नव्याने लिहिले. माझी स्टार्टअप स्क्रिप्ट गेली, ऑप्टचे माउंट गेले, क्रॉनमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करण्याच्या, नोंदी गेल्या, आणि सुरक्षेच्या नावाखाली एसएसएचही बंद करून ठेवले. डेटा शाबूत होता, हे मान्य. पण तो वापरण्यासाठी उभारलेले सगळे भुईसपाट. ग्राहक सेवेला लिहिले तर उत्तर आले की कमांड लाइनवरून केलेले बदल सपोर्टच्या कक्षेत येत नाहीत. मी सपोर्ट मागितलाच नव्हता. काय काय पुसले जाते त्याची यादी मागितली होती, आणि तीच द्यायची टाळून त्यांनी हात वर केले.

लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत, म्हणून सोर्स कोड मागितला तर द्यावा लागतो. बदललेला कोड त्याच यंत्रावर बसवण्याची माहितीही ग्राहकाला मिळावी, ही अट जीपीएलच्या २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, पण कर्नल दुसरीवरच राहिला. या फटीत ही सगळी उपकरणे सुखाने नांदतात. फ्लॅटचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीचे हस्तांतर, मात्र द्यायचा नाही, हा प्रकार ठाण्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला नव्याने सांगावा लागणार नाही. हजारो लोकांनी तीस वर्षे खपून उभे केलेले फुकट घ्यायचे, त्यातला ग्राहकाच्या उपयोगाचा भाग खरवडून काढायचा, आणि उरलेल्याला लिनक्स म्हणून भाव लावायचा.

माझी मागणी अवाजवी नाही. प्रोसेसर कोणता आणि त्यावरचे प्रोग्रॅम ३२ बिटांचे की ६४, कर्नल आणि जीलिबसी कोणत्या आवृत्तीचे, बाहेरचे पॅकेज कोणत्या साधनाने बसवता येते की येतच नाही, आणि अपडेटमध्ये काय पुसले जाते, एवढे विकत घेण्याआधी वाचायला मिळाले पाहिजे. खोक्यावर जागा नाही असे कंपनी म्हणत असेल, तर तिथे सोफ्यावर बसून टीव्हीत फोटो पाहत हसणारे जे कुटुंब छापले आहे, त्याला उठवावे. तेवढ्या जागेत हे सगळे मोठ्या टाइपात बसते.