भावोजी, रविवारी टोकन देऊ नका

बुधवारी रात्री मुलुंडहून ताईचा फोन. "अगं, ह्यांनी तुमच्याकडे जागा बघितलीय. रविवारी टोकन द्यायला येतोय. एजंट स्टेशनवर गाडी पाठवणार आहे." बघितली म्हणजे कुठे, तर मोबाइलवर. हे सगळं ज्या मेसेजमुळे सुरू झालं तो मला या महिन्यात चार जणांनी पाठवला होता. मी न वाचता पुसत होते. आता तो घरातच शिरला, म्हणून बसून वाचला.

मथळा असा: 'दीड कोटीत पुण्यात खुराडं, कोकणात राजवाडा!' खाली नारळांच्या आणि सूर्यास्तांच्या चित्रांची रांगोळी. मजकूर थोडक्यात सांगते. मुंबईतला फ्लॅट विका, दीड कोटी येतील. पन्नास लाखांत समुद्राला लागून दहा गुंठे शेतजमीन घ्या, बिनशेती नंतर होते, बंगला बांधा. एक कोटी बँकेत ठेवा, महिना साठ हजार व्याज. खर्च निम्मा, पाणी मुबलक, पूर नाही, आंबा-नारळाचं उत्पन्न वर, आणि मुंबई चार तासांवर.

मी रत्नागिरीची. तेवीस वर्षं एका वकिलांकडे जमिनीचे कागद टाइप केले. त्यामुळे 'समुद्राला लागून दहा गुंठे' वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. आधी त्याचंच बोलते.

गावातली शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. शेतकरी नसाल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विकास आराखड्यात जमीन रहिवासासाठी दाखवलेली असेल तर सूट आहे, हे मान्य. पण भावोजींना दाखवलेला तुकडा नारळाची बागायत आहे, आणि भावोजींच्या नावावर उभ्या महाराष्ट्रात सातबारा नाही. त्यावर एजंटचं उत्तर काय, तर "शेतकरी दाखला आपण काढून देतो, पंचवीस हजार." म्हणजे कुठल्या तरी परक्या जिल्ह्यातल्या सातबाऱ्यावर भावोजींचं नाव घुसवणार. असा व्यवहार उघडा पडला तर तो अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो. आमच्या वकिलांकडे अशी माणसं यायची. निवृत्तीचे पैसे घालून बसलेली, हातात प्लास्टिकची फाइल, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "तो माणूस फार सज्जन वाटला हो."

समजा परवानगी मिळाली. बंगला कुठे बांधणार? मेसेजमध्ये 'लाटा अंगणात' असं लिहिलंय. १८ जानेवारी २०१९ ची सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांची, अधिसूचना काढून वाचा, तिथे बंगला बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या ग्रामीण भागात चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोक राहतात, तिथे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम बंद. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी त्याच जनगणनेत दोनशेच्याही आत आहे, मग आपली किनाऱ्यावरची वाडी कुठे बसणार ते सांगायला नको. तिथे आधीपासूनचं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, मच्छीमारांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. मुलुंडच्या निवृत्त माणसाच्या नव्या बंगल्यासाठी नाहीत. खाडीकाठालाही अंतराची अट आहेच. म्हणजे पन्नास लाख देऊन भावोजी घेणार काय, तर खुर्ची टाकून सूर्यास्त बघायची जागा. ती भाट्याच्या किनाऱ्यावर फुकट आहे.

आणि सातबारा. पुण्यामुंबईकडच्या माणसाला वाटतं, सातबाऱ्यावर एक नाव असतं. आमच्याकडे आजोबांचे पाच मुलगे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांचे वारस, सगळे एकाच उताऱ्यावर. क्षेत्र सामाईक, सरसनिरस वाटप झालेलं नाही, पोटहिस्सा पडलेला नाही, म्हणजे कुठला तुकडा कोणाचा हेच ठरलेलं नाही. 'इतर हक्क' या रकान्यात एखादं कूळ, म्हणजे मालकाची जमीन कसणारा, बसलेलं असतं, त्याचा नातू घरपट्टीची पावती घेऊन हजर होतो. विकणारा एक, सह्या बाविसांच्या. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. पन्नास लाखांचा सौदा करणारी माणसं तेवढे पंधरा रुपये का खर्च करत नाहीत, हे कोडं मला तेवीस वर्षांत सुटलेलं नाही.

व्याजाचं घ्या. एक कोटीला सात टक्क्यांनी महिन्याला अठ्ठावन्न हजार होतात, इथवर हिशेब बरोबर. पण ते कोटी पूर्ण हातात येतात कुठे? तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट विकला की नफा मोठा. त्यातला जेवढा नव्या राहत्या घरात घालाल तेवढ्यावर सूट, उरलेल्यावर भांडवली नफ्याचा कर. शेतजमीन हे घर नव्हे. महागाईचं तर मेसेज लिहिणाऱ्याने नावच काढलेलं नाही. बहुधा त्याच्या राजवाड्यात ती येत नसावी.

'खर्च निम्मा' वाचून मी मोठ्याने हसले. भाजी आणि दूध आमच्याकडे बरंचसं घाटावरून येतं. घाटात दरड आली की दुसऱ्या दिवशी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नाही. ताजे मासे रोज, हेही तसंच. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा आम्ही सुकट खातो.

पाणी मुबलक म्हणे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हे खरं. तो राहत नाही. जांभा दगड चाळणीसारखा, उतार तीव्र, सह्याद्रीतून निघालेली नदी बघता बघता समुद्राला मिळते. एप्रिलपासून वाड्यांवर टँकर. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. पंप जास्त चालवला की खालचं खारं पाणी वर येतं.

पुरावर एकच वाक्य आहे, 'पूर कोल्हापूर-सांगलीला येतात, कोकणात नाही.' लिहिणाऱ्याला २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत उभं करायला हवं होतं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चढलं, माणसं वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर चढून बसली. २००५ लाही तेच. माझी चुलत नणंद तिथली. तिच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, रंग दिला तरी. वादळाचं तर विचारूच नका. ३ जून २०२० च्या निसर्गने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या नारळी-पोफळी झोपवल्या, काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. आता 'आंबा-नारळाचं उत्पन्न वर' हे वाक्य पुन्हा वाचा. हापूसची कलमं धरायला लागायलाच पाच वर्षं जातात. त्यात फवारणी, राखणीला गुरखे, आणि वानरं. भावोजी बासष्टचे आहेत.

मुंबई चार तासांत? महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. वंदे भारत चांगली गाडी, पण पावसाळी वेळापत्रकात आठवड्यातून तीनच दिवस. मला मुंबईपेक्षा कोल्हापूरची काळजी वाटते. आता रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय, पूर्वीपेक्षा बरं आहे. तरी गंभीर काही झालं की अजून 'कोल्हापूरला हलवा' हेच ऐकू येतं. म्हणजे एकशेतीस किलोमीटर आणि मध्ये आंबा घाट. ताईला दोन स्टेंट आहेत. किनाऱ्यावरच्या वाडीतून आधी रत्नागिरीच गाठायला तास जाईल.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. पैशांचा मूळ मुद्दा खोटा नाही. मुलुंडच्या फ्लॅटच्या पैशात रत्नागिरी शहरात चांगला दोन बेडरूमचा फ्लॅट येतो, वर बऱ्यापैकी रक्कम उरते. हवा स्वच्छ आहे, रिक्षावाला ओळखीचा निघतो, नाटकं लागतात. भोगवटा प्रमाणपत्र बघून, नळाला पाणी किती वेळ येतं ते खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारून, सिव्हिलपासून दहा मिनिटांवर घर घ्या. मी स्वतः शोधून देते. ताई जवळ आली तर मला नको आहे का?

शुक्रवारी एसटीने जाऊन ती जागा बघून आले. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. शेजारच्या आजींना विहिरीचं विचारलं. "वैशाखात पानी मचूळ होतं गो बाय," त्या म्हणाल्या, आणि मला घरातल्या हंड्यातलं दिलं, टँकरचं. घरी येऊन सातबारा काढला. बावीस नावं, इतर हक्कात एक कूळ. तो भावोजींना पाठवला.

तासाभराने उत्तर आलं. "एजंटशी बोललो. म्हणतो काही प्रॉब्लेम नाही, विकणारा सोडून बाकी एकवीस जण मुंबईतच असतात."

त्यांतला एखादा भावोजींच्याच सोसायटीत निघायचा.