विश्व परत फिरलेलं नाही!

हा मेसेज आठवडाभरात मला तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतील दुर्बिणीने सिद्ध केले, विश्व आकुंचन पावू लागले. २० कोटी वर्षांत सर्व काही एका बिंदूत. आपले डॉ. नारळीकर हेच सांगत होते.’

‘आकुंचन पावू लागले.’ नाही. दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, प्रकाश आजही तांबड्याकडेच सरकलेला दिसतो, म्हणजे त्या लांबच चालल्यात. देवयानी दीर्घिका मात्र सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येतेय. पण ती पडली शेजारीण, आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीतली. वाड्यातली दोन बिऱ्हाडं जवळ आली म्हणून गाव लहान होत नाही.

‘सिद्ध केले.’ इथे जरा थांबू. ॲरिझोनात किट पीकवरच्या ४ मीटर दुर्बिणीला ‘डेसी’ नावाचं उपकरण बसवलंय. त्यात ५,००० प्रकाशतंतू आहेत आणि प्रत्येक तंतूचं टोक एक इवलासा रोबो ठरलेल्या दीर्घिकेवर नेमकं नेऊन ठेवतो. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांमागे अशा जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) होते. त्यांच्या मांडणीला पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या बालपणापासून अवकाशभर उरलेल्या प्रारणाच्या) आणि अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) नोंदी जोडल्या, तर प्रसरणाला रेटा देणारी कृष्ण ऊर्जा हल्ली ओसरत असावी असं दिसतं. खात्री किती? अतिनवताऱ्यांची कोणती यादी घ्याल त्यावर २.८ ते ४.२ सिग्मा. सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप. भौतिकशास्त्रात ‘शोध लागला’ म्हणायला ५ लागतात. यादी बदलली की आकडा एवढा हलतो, मला तर हेच खटकतं.

आणि समजा, खरं निघालं. एसटीच्या ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला म्हणून गाडी रिव्हर्समध्ये जात नाही. कृष्ण ऊर्जा पार शून्यावर आली तरी आपलं सपाट (म्हणजे अवकाशाला एकूण वक्रता नसलेलं) विश्व पसरतच राहील, फक्त संथपणे. मागे फिरायचं तर ती शून्याच्याही खाली जायला हवी. ती आहे तशीच राहिली तर तारे एकेक करून विझत, थंड होत जाणारं विश्व. वाढत गेली तर दीर्घिकांपासून अणूंपर्यंत सगळ्याच्या चिंध्या. यातली एकही शक्यता अजून बाद झालेली नाही.

‘२० कोटी वर्षांत.’ या आकड्याचा उगम सापडतो. भौतिकशास्त्रज्ञ हेन्री टाय आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये असं एक प्रतिमान मांडलं, की वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाची स्वतःची ऊर्जा दाखवणारा आकडा) ऋण, म्हणजे शून्याखाली, असेल तर सुमारे ११ अब्ज वर्षांनी प्रसरण थांबेल आणि आजपासून साधारण २० अब्ज वर्षांनी सगळं कोसळेल. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातला ‘तर’ गाळला आणि बिलियनचे कोटी केले. २० बिलियन म्हणजे २,००० कोटी, राजे!

‘नारळीकर हेच सांगत होते.’ याचा मात्र राग आला. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात विश्व आवर्तनांत फुगतं-आक्रसतं खरं, पण बिंदूपर्यंत कधीच जात नाही आणि एकूणात वाढतच राहतं. महास्फोटाचा तो एक बिंदूच तर त्यांना मान्य नव्हता! बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी हे प्रतिमान स्वीकारलं नाही, तो वाद वेगळा. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. आता त्यांच्या नावावर काहीही खपवलं तरी खोडायला ते येणार नाहीत, म्हणून एवढं लिहावं लागलं.